चेक कोणाच्या नावाने घ्यावा?

पत्र : मी मूळची पुण्याची असून गेली चौदा वर्षे न्यू जर्सीत एडिसनला राहते. जात्यावरच्या ओव्यांवर आधारलेला सत्तर मिनिटांचा मराठी-इंग्रजी प्रयोग मी उभा करते आहे. त्यात माझ्यासोबत दोन वादक आणि एक नर्तकी आहे. एकूण खर्चाचा अंदाज ३८,००० डॉलर आहे. एका कौटुंबिक फाउंडेशनने १५,००० डॉलर देण्याची तयारी दाखवली आहे. परंतु ते व्यक्तीला पैसे देत नाहीत, ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा असलेल्या संस्थेलाच देतात. ओळखीच्या एका मंडळाचे पदाधिकारी म्हणाले, ‘चेक आमच्या नावाने घ्या, आम्ही दुसऱ्या दिवशी तुम्हाला देऊ.’ माझे यजमान म्हणतात, स्वतःची नॉन-प्रॉफिट काढ. एका मैत्रिणीने फिस्कल स्पॉन्सरशिपचा मार्ग सुचवला, पण तिची संस्था आठ टक्के कापून घेते. माझ्याच कामासाठी आलेला पैसा दुसऱ्याच्या खात्यात का ठेवायचा आणि वर त्याला आठ टक्के का द्यायचे, हे मला पटत नाही. मी काय करावे?
— एक रंगकर्मी, एडिसन

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्याचे उत्तर नीट उमगले की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतील. ‘माझ्याच कामासाठी आलेला पैसा’ असे तुम्ही लिहिले आहे. रात्री बारापर्यंत तालीम करून सकाळी नोकरीवर जाणाऱ्या कलावंताला तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या करकायद्याच्या नजरेत मात्र हा पैसा तुमचा होत नाही. देणारा जेव्हा करसवलत घेऊन पैसे देतो, तेव्हा ते एका सार्वजनिक हेतूसाठी दिलेले असतात, आणि ते त्याच हेतूवर खर्च झाले याची जबाबदारी कायद्याने ज्या संस्थेवर टाकलेली असते, तिच्याच ताब्यात ते असावे लागतात. फिस्कल स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या प्रकल्पाची आर्थिक पालक संस्था, ही ती जबाबदारी घेणारी संस्था असते. ती आठ टक्के घेते ते या जबाबदारीपोटी.

हे फाउंडेशन तुम्हाला थेट पैसे का देत नाही, याचे कारण तुमच्या गुणवत्तेशी निगडित नाही, आणि ते तसे तुम्ही मनाला लावूनही घेऊ नये. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने खासगी फाउंडेशनांवर कडक बंधने आली. व्यक्तींना अभ्यास, प्रवास किंवा तत्सम कामासाठी अनुदान द्यायचे असेल, तर निवडीच्या पद्धतीला कर खात्याची, म्हणजे आयआरएसची, आगाऊ मंजुरी घ्यावी लागते. धर्मादाय दर्जा नसलेल्या संस्थेला द्यायचे असेल, तर खर्चावर शेवटपर्यंत देखरेख ठेवून त्याचा अहवाल द्यावा लागतो. घरातल्या दोन-तीन माणसांनी चालवलेल्या लहान फाउंडेशनला हा व्याप झेपत नाही, म्हणून ती सरळ ‘फक्त ५०१(सी)(३)’ अशी अट घालतात. सरकारी बाजूलाही वेगळे चित्र नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्सने एके काळी नर्तकांना आणि नाट्यकर्मींना व्यक्तिशः अनुदाने दिली. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी काँग्रेसने साहित्यासारखे थोडे अपवाद वगळता ती बंद केली. एकट्याने काम करणारा प्रयोगशील कलावंत या देशात तेव्हापासून अधिकच संस्थांच्या दारी उभा राहिला, आणि फिस्कल स्पॉन्सरशिपची गरज वाढण्यामागे हेही एक कारण आहे, असे मी मानते.

आता मंडळाच्या प्रस्तावाकडे वळू. ते पदाधिकारी आपुलकीने बोलले याबद्दल मला शंका नाही. परदेशात मराठी कलेला आधार मिळतो तो बहुतेक वेळा अशाच माणसांमुळे. तरीही ‘चेक आमच्या नावाने घ्या, आम्ही दुसऱ्या दिवशी तुम्हाला देऊ’ या एका वाक्यात नेमके तेच आहे, जे कायद्याला चालत नाही. आयआरएसने १९६८ मध्ये दिलेला ‘रेव्हेन्यू रुलिंग ६८-४८९’ हा निर्णय या साऱ्या व्यवहाराचा पाया मानला जातो. धर्मादाय संस्थेला स्वतः करमुक्त नसलेल्या कोणालाही पैसे देता येतात, मात्र त्या पैशावरचे नियंत्रण आणि तो द्यायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिने स्वतःकडे ठेवला पाहिजे आणि तो धर्मादाय हेतूसाठीच वापरला गेला हे दाखवणारी कागदपत्रे जपली पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या दिवशी पैसे पुढे ढकलणाऱ्या मंडळाने नियंत्रण ठेवले असे कोणालाही दाखवता येणार नाही. कर खात्याने तपासणी केली, तर ते अनुदान फाउंडेशनने मंडळाला दिलेलेच नाही, मंडळामार्फत तुम्हाला दिले आहे, असे धरले जाऊ शकते. मग फाउंडेशनवर त्या रकमेच्या २० टक्के दंडात्मक कर बसू शकतो आणि मंडळाचा स्वतःचा दर्जा अडचणीत येऊ शकतो. ज्या मंडळाच्या गणेशोत्सवात आणि दिवाळी अंकात शेकडो कुटुंबांचे श्रम गुंतले आहेत, त्याला तुमच्या प्रयोगापायी या धोक्यात घालू नका.

मंडळाला खरोखर पालक संस्था व्हायचे असेल, तर ते अशक्य नाही. त्यासाठी मंडळाला ५०१(सी)(३) दर्जा असल्याची खात्री करावी लागेल, कारण प्रत्येक ना-नफा संघटनेला तो असतोच असे नाही. कार्यकारिणीत प्रकल्पाला ठरावाने मंजुरी, तुमच्याशी लेखी करार, वेगळे खाते किंवा निदान वेगळी खतावणी, आणि तुम्ही बिले दिल्यावरच रक्कम देण्याची पद्धत, एवढे सारे उभे करावे लागेल. दर वर्षी पदाधिकारी बदलणाऱ्या, संध्याकाळी नोकरीवरून येऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांवर हा भार टाकणे मला योग्य वाटत नाही.

यजमानांची सूचना अधिक विचार करण्याजोगी आहे. पुढील तीन वर्षांत वार्षिक जमा ५०,००० डॉलरच्या आत राहील आणि मालमत्ता अडीच लाख डॉलरपेक्षा कमी असेल, अशा लहान संस्थेला ‘१०२३-ईझेड’ हा छोटा अर्ज भरता येतो आणि त्याचे शुल्क २७५ डॉलर आहे. तुमच्या ३८,००० डॉलरच्या प्रयोगासाठी आठ टक्क्यांच्या तुलनेत ते स्वस्त भासेल. मात्र अर्जाचे शुल्क हा या कामातला सर्वांत छोटा भाग आहे. न्यू जर्सीत ना-नफा संस्थेला किमान तीन विश्वस्त लागतात. राज्याची नोंदणी, देणग्या मागण्यासाठीची वेगळी नोंदणी, बँक खाते, सभांची इतिवृत्ते आणि दर वर्षीचे ‘९९०’ विवरणपत्र हे सगळे मागे लागते. ५०,००० डॉलरच्या आतील संस्थेसाठी ते विवरणपत्र अगदी लहान असते, पण सलग तीन वर्षे ते राहून गेले तर दर्जा आपोआप रद्द होतो. उत्साहाने काढलेल्या संस्था अशा रीतीने बंद पडलेल्या मी पाहिल्या आहेत. बंद पडल्याचे संस्थापकांना कळले ते पुढच्या अनुदानाच्या वेळी. शिवाय बऱ्याच फाउंडेशनांना मागच्या वर्षांचे हिशेब पाहायचे असतात, आणि काल जन्मलेल्या संस्थेकडे ते नसतात.

याहून महत्त्वाची बाब मी स्पष्टपणे सांगायला हवी. ‘स्वतःची नॉन-प्रॉफिट’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे, कारण अशी संस्था संस्थापकाच्या मालकीची नसते. ती विश्वस्त मंडळाच्या हाती असते आणि ते मंडळ बहुमताने तुम्हालाही दूर करू शकते. तुमचे पाच-सहा प्रयोग व्हायचे आहेत, पुढे दरवर्षी नवी निर्मिती होईल, इतरही कलावंतांना त्यात सामावून घ्यायचे आहे, अशी वेळ आली तर संस्था जरूर काढावी. एका प्रयोगासाठी काढू नये. फिस्कल स्पॉन्सरच्या आश्रयाखाली दोन-तीन वर्षे काम करून, देणगीदार आणि हिशेबाची सवय दोन्ही जमवून मग संस्था काढलेली अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून तुमच्यासाठी फिस्कल स्पॉन्सरशिप हाच मार्ग मला योग्य वाटतो. तिचे दोन प्रकार तुमच्या कानावर येतील. ‘मॉडेल ए’मध्ये तुमचा प्रकल्प पालक संस्थेचाच एक भाग होतो, कामावरची माणसे तिची होतात, करार ती करते आणि निर्मितीचे हक्कही तिच्याकडे जाऊ शकतात. ‘मॉडेल सी’मध्ये तुम्ही स्वतंत्रच राहता, पालक संस्था तुमचा प्रकल्प आधी तपासून मंजूर करते, देणग्या आणि अनुदाने आपल्या नावाने स्वीकारते आणि ठरलेल्या कामासाठी ती रक्कम तुम्हाला अनुदान म्हणून देते. रंगमंचावरच्या स्वतंत्र कलावंतांसाठी बहुतेक संस्था हा दुसरा प्रकार वापरतात. १९९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली फ्रॅक्चर्ड ॲटलस आणि १९७१ पासूनची न्यूयॉर्क फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही या क्षेत्रातली जाणती नावे आहेत. अर्ज करण्याआधी त्यांच्या सध्याच्या अटी आणि शुल्क स्वतः वाचून घ्या, कारण ते बदलत असतात.

आठ टक्क्यांचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहू. समजा, फाउंडेशनकडून १५,००० आणि ओळखीच्या लोकांकडून १२,००० डॉलर देणगीरूपाने आले, आणि उरलेले ११,००० तिकिटांतून व प्रयोगांच्या मानधनातून मिळाले. शुल्क सर्वसाधारणपणे पालक संस्थेमार्फत आलेल्या रकमेवर लागते. २७,००० वर आठ टक्के म्हणजे २,१६० डॉलर होतात. कार्डाने आलेल्या देणग्यांवर साधारण तीन टक्के प्रक्रिया-खर्च वेगळा धरला, तर आणखी ३६० डॉलर. म्हणजे तुमच्या हाती २४,४८० डॉलर पडतात. ही रक्कम ‘कापली गेली’ असे न समजता ती अंदाजपत्रकातच, ध्वनिव्यवस्था आणि सभागृहाच्या भाड्याप्रमाणे, खर्चाची एक ओळ म्हणून दाखवा. फाउंडेशनला असा खर्च दाखवलेला चालतो, आणि तो दाखवल्यास तुम्हाला व्यवहार कळतो हेही त्यांना दिसते. लोकांकडून वर्गणी गोळा करून देणारी किकस्टार्टरसारखी व्यासपीठेही यशस्वी मोहिमेवर पाच टक्के आणि वर प्रक्रिया-खर्च घेतातच, आणि तिथे पाठिंबा देणाऱ्याला करसवलतही मिळत नाही.

या २,१६० डॉलरच्या बदल्यात जे मिळते त्यातल्या एका गोष्टीचा तुम्ही अजून विचार केलेला दिसत नाही. तुमच्या परिसरातली कितीतरी मराठी कुटुंबे औषध कंपन्यांत, बँकांत आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरीला आहेत. अशा अनेक कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून घालतात, मात्र ती ५०१(सी)(३) संस्थेलाच. तुमच्या नावाने दिलेले २०० डॉलर २०० च राहतात. पालक संस्थेला दिलेले ४०० होऊ शकतात. शिवाय २०२५ मध्ये झालेल्या बदलानुसार २०२६ च्या करवर्षापासून, जे प्रमाणित वजावट (प्रत्येक खर्च वेगळा न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट) घेतात त्यांनाही पात्र संस्थेला रोख दिलेल्या देणगीवर १,००० डॉलरपर्यंत, आणि पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरत असतील तर २,००० डॉलरपर्यंत, वजावट मिळते. बहुसंख्य कुटुंबे प्रमाणित वजावटच घेतात, त्यामुळे लहान देणगीदारालाही आता पावतीचे मोल आहे.

येथेच एक इशारा द्यायला हवा, कारण हा मोह चांगल्या घरांतही होतो. तुमच्या यजमानांनी पालक संस्थेकडे ५,००० डॉलर भरावेत, कंपनीकडून तेवढेच जोडून घ्यावेत, करसवलत घ्यावी आणि तीच रक्कम तुमचे मानधन म्हणून घरी परत यावी, हा प्रकार कृपया करू नका. ज्याचा फायदा देणाऱ्याच्याच घरात परत येतो ती देणगी राहत नाही, आणि कंपनीला खोटी माहिती दिल्याने नोकरीही जाऊ शकते. घरचा पैसा घालायचा असेल तर तो सरळ स्वतःच्या खात्यातून घाला आणि व्यवसायाचा खर्च म्हणून नोंदवा. याच न्यायाने, देणगीदाराला १०० डॉलरच्या बदल्यात ४० डॉलरचे तिकीट दिले, तर सवलत ६० डॉलरवरच मिळते. देणाऱ्याने ७५ डॉलरपेक्षा अधिक दिले आणि बदल्यात काही घेतले, तर हे त्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीसाठी संस्थेची लेखी पोच लागते. ती पोच पालक संस्थाच देते. ‘तुमची देणगी करमुक्त आहे’ असे तुम्ही स्वतःच्या नावाने कोठेही लिहू नये. पत्रकावर कोणता मजकूर छापायचा तो संस्था देते, तो शब्दशः छापावा. चेकही तिच्याच नावाने घ्यावेत आणि खाली तुमच्या प्रकल्पाचे नाव लिहायला सांगावे. तुमच्या नावाने आलेला चेक वटवून मग रक्कम संस्थेकडे वळवली, तर देणाऱ्याची सवलत जाते.

करारावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ पैशाच्या सुरक्षिततेच्या कलमांवर घाला. प्रकल्पांचा पैसा संस्था आपल्या रोजच्या खर्चापासून वेगळा ठेवते का, मागणी केल्यावर किती दिवसांत देते, आणि संस्था बंद पडली तर त्या पैशाचे काय होते, हे तीन प्रश्न लेखी विचारा. हा काल्पनिक धोका नाही. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या मोठ्या पालक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपण बंद होत असल्याचे जाहीर केले आणि तिच्या आश्रयाखालच्या शेकडो उपक्रमांना त्याच वर्षी दुसरे घर शोधावे लागले. त्यांना निदान काही महिन्यांची मुदत तरी मिळाली. सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ मध्ये उभी राहिलेली विष्णुदास भावे यांची नाटकमंडळी १८५१ मध्ये संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन वारल्यावर तिकीट लावून गावोगाव फिरू लागली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत; आश्रयदाता उद्या नसेल तर काय, हा प्रश्न आपल्या रंगभूमीला नवा नाही. संस्थेचे ‘९९०’ विवरणपत्र सर्वांना पाहण्यासाठी खुले असते आणि प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळते. मागील तीन वर्षांची विवरणपत्रे काढा आणि लागोपाठ तूट दिसते का ते पाहा. तुम्हाला हिशेब वाचायची सवय नसेल तर ओळखीच्या एखाद्या लेखापालाला तासभर बसवून घ्या. संहिता, संगीत आणि चित्रफितीचे हक्क तुमच्याकडेच राहतील असे स्पष्ट वाक्य करारात असू द्या. विम्याबाबतही विचारा, कारण ‘मॉडेल सी’मध्ये पालक संस्थेचा विमा तुमच्या प्रयोगाला सहसा लागू होत नाही आणि सभागृहवाले विम्याचे प्रमाणपत्र मागतात.

हाती आलेली रक्कम हे तुमचे करपात्र उत्पन्न आहे, हे अनेक कलावंतांना एप्रिलमध्ये, कर भरायच्या वेळी, कळते. प्रयोगाचा खर्च वजा जाता जे उरेल, त्यावर आयकर आणि साधारण १५.३ टक्के स्वयंरोजगार कर भरावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल जपा आणि स्वतःच्या मानधनातला पाव हिस्सा तरी बाजूला ठेवा. तुम्ही तुमच्या व्हिसाबद्दल काही लिहिलेले नाही. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही, पण नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असाल आणि कामाचा परवाना नसेल, तर स्वतःचे मानधन घेण्याआधी स्थलांतर-कायद्याच्या वकिलाला विचारल्यावाचून पुढे जाऊ नका. वादक पुण्याहून येणार असतील तर हीच काळजी दुप्पट घ्या, कारण पर्यटक व्हिसावर आलेल्या कलावंताला मानधन देऊन रंगमंचावर बसवणे हा त्याच्या पुढच्या प्रत्येक भेटीवर गदा आणणारा प्रकार आहे. त्यांनी पुण्यातच ध्वनिमुद्रण करून पाठवले, तर त्यांच्याकडून रीतसर बिल घ्या आणि ते कामाचा मोबदला म्हणून द्या. ती रक्कम ‘देणगी’ म्हणून तिकडच्या एखाद्या संस्थेला पाठवू नका, कारण भारतातील परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. परदेशी पाठवायची रक्कम असेल तर पालक संस्थेला आधी सांगा. काही संस्था ती मंजूरच करत नाहीत.

फाउंडेशनला आजच कळवा की तुम्ही फिस्कल स्पॉन्सरमार्फत अर्ज करणार आहात आणि त्यांना हे मान्य आहे का ते लेखी विचारा; बहुतेकांना मान्य असते, पण काहींना नसते, आणि ते करार झाल्यावर कळून उपयोग नाही. पालक संस्थेची मंजुरी काही आठवड्यांचे काम आहे. ती हाती येईपर्यंत कोणाकडूनही पैसे स्वीकारू नका. दरम्यान न्यू जर्सी राज्य कला परिषदेच्या कलावंत-फेलोशिपची माहिती काढा. ती मिड अटलांटिक आर्ट्स या संस्थेमार्फत दिली जाते आणि थेट व्यक्तीलाच मिळते, तिला मधली संस्था लागत नाही. कलाप्रकार वर्षागणिक बदलतात, त्यामुळे तुमचा प्रकार यंदा आहे का ते पाहावे लागेल.

राहता राहिले ते पदाधिकारी. त्यांना नकार देताना मदतीचा दुसरा मार्ग जरूर सांगा : मंडळाने आपल्या वार्षिक कार्यक्रमात तुमचा प्रयोग ठेवावा आणि त्याचे ठरलेले मानधन करार करून तुम्हाला द्यावे. तो एका मंडळाने कलावंताकडून विकत घेतलेला प्रयोग असेल. ती रक्कम तुमची हक्काची कमाई असेल, ती पालक संस्थेकडे जाणार नाही, त्यामुळे तिच्यावर आठ टक्केही लागणार नाहीत, आणि अंदाजपत्रकात तिकीट व मानधनाचे जे ११,००० डॉलर धरले आहेत, त्यांतला पहिला आकडा तुम्हाला तिथूनच मिळेल.